छपरावरची वीज आणि सर्वांचे जाळे

छपरावर सौरफलक बसविले की वीज कंपनीच्या कचाट्यातून आपण सुटलो, असा समज सुखवस्तू मध्यमवर्गात रूढ होत आहे. वस्तुतः असा ग्राहक वीजजाळ्यापासून मुक्त होत नाही. जाळ्याची त्याला लागणारी गरज केवळ दुपारकडून रात्रीकडे सरकते.

जाळ्यात मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. तो बिघडला की ५० हर्ट्झची वारंवारता ढळते. दुपारी सौरवीज मुबलक होते, तेव्हा औष्णिक संचांचे उत्पादन उतरवावे लागते. सूर्यास्ताला ती ओसरते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. थंड पडलेला कोळशाचा संच तासाभरात पूर्ण भाराला येत नाही. म्हणून तो दिवसभर कमी भारावर चालता ठेवावा लागतो. तत्परतेने वाढते-घटते ती जलविद्युत. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. तो धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी झेलला. घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्र तर मागणी कमी असताना पाणी वर चढविते आणि ती वाढली की खाली सोडते. कोयना काय, घाटघर काय, ही जनतेच्या पैशातून उभी राहिलेली सामाईक मालमत्ता आहे.

प्रश्न आहे तो या सेवेचा भार कोणी उचलावा हा. दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट हिशेबात सारखेच धरले, तर संध्याकाळची महाग वीज व तारांची देखभाल यांचा खर्च उरलेल्या ग्राहकांवर पडतो. चाळीतल्या भाडेकरूला स्वतःचे छप्परच नसते. तो मात्र हा बोजा निमूटपणे वाहतो.

म्हणून सौरवीजेला विरोध करणे हा मार्ग नव्हे. शेतीच्या वाहिन्या सौरवीजेवर चालविण्याची राज्याची २०१७ ची योजना तत्त्वतः योग्यच आहे. पंप दिवसा चालला की मागणी सूर्याच्या वेळेला येते आणि रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाण्याचा शेतकऱ्याचा जाचही सरतो. तथापि अशा प्रकल्पांची मालकी केवळ खासगी विकासकांकडे न जाता गावाच्या सहकारी संस्थांनाही मिळाली पाहिजे. वीजसाठवण सार्वजनिक क्षेत्रात राहावी आणि जाळ्याचा आकार मंजूर भाराप्रमाणे, लहान ग्राहकांना सूट देऊन, ठरावा. वीजदरांच्या प्रत्येक जनसुनावणीत कार्यकर्त्यांनी या मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत.