भाषेची सीमा आणि ग्रंथांची वाटणी

बेल्जियममधील भाषावादाची चर्चा आपल्याकडे झालीच, तर ती बहुधा ठरावीक वळणाने जाते. उत्तरेस फ्लँडर्स, तेथे डच भाषा. तिच्या स्थानिक रूपाला फ्लेमिश म्हणण्याची रूढी. दक्षिणेस वालोनिया, तेथे फ्रेंच. मध्ये द्वैभाषिक राजधानी ब्रसेल्स आणि पूर्वेच्या कडेला जर्मन बोलणारा एक लहानसा समाज. या समाजांचे आपापसांत पटत नाही, म्हणून तेथे सरकारही वेळेवर बनत नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर नवे सरकार अधिकारावर यायला ५४१ दिवस लागले, हे खरेच आहे. तथापि, एवढ्या वर्णनाने साहित्याच्या अभ्यासकाचे समाधान होऊ नये. फ्लेमिश भाषकांचा लढा न्याय्य होता आणि प्रत्येक भूभागाला एक भाषा नेमून देण्याचा त्यावरचा उपायही प्रशासनापुरता समर्थनीय होता, असे आमचे मत आहे. परंतु हीच मोजपट्टी साहित्याला लावल्यामुळे फ्लँडर्सच्या वाङ्मयीन वारशाचा एक मोठा भाग निराधार झाला. त्या भागाविषयी येथे काही मांडावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हा झगडा मुळात उत्तर आणि दक्षिण यांच्यातील नव्हता. तो फ्लँडर्सच्या आत होता. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा निम्म्याहून अधिक प्रजा फ्लेमिश बोलणारी होती. राज्यकारभाराची भाषा मात्र फ्रेंच ठरली. गेंट, अँटवर्प, ब्रूज या फ्लेमिश शहरांतील सुखवस्तू घराण्यांनी फ्रेंच केव्हाच आत्मसात केली होती. दिवाणखान्यात फ्रेंच आणि स्वयंपाकघरात फ्लेमिश अशी एकाच घराची विभागणी होई. मालक एका भाषेत विचार करी, मोलकरीण दुसऱ्या भाषेत. म्हणजे भाषेची पहिली सीमा घराघरातून गेलेली होती. नकाशावर ती पुष्कळ उशिरा उमटली.

या दर्जाभेदाचे परिणाम केवळ भावनिक नव्हते. १८६० मध्ये कूक आणि गुटाल्स या दोन फ्लेमिश भाषकांना खुनाच्या आरोपावरून शार्लरुआ येथे देहान्त शिक्षा झाली; खटला चालला तो फ्रेंचमध्ये. ते दोघे निर्दोष होते की नव्हते, यावर मतभेद आहेत. पण आरोपीला न कळणाऱ्या भाषेत त्याच्या मरणाचा निर्णय व्हावा, ही गोष्ट लोकांच्या मनातून गेली नाही. फ्लँडर्समधील फौजदारी न्यायालयांत डचला स्थान देणारा कायदा १८७३ मध्ये झाला. १८९८ मध्ये कायद्यांच्या डच संहितेला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. राज्यघटनेच्या डच संहितेला मात्र तसा दर्जा मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. ज्या घटनेखाली बहुसंख्य प्रजा १८३१ पासून नांदत होती, तिचा त्या प्रजेच्या भाषेतील पाठ १३६ वर्षे अधिकृत नव्हता.

विद्यापीठाची कथा तर अधिक गुंतागुंतीची आहे. गेंट विद्यापीठ डच भाषेत चालावे ही मागणी जुनी होती. पण पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ती पुरी केली देश व्यापून बसलेल्या जर्मन लष्कराने. फ्लेमिश चळवळीतील एका गटाने ही भेट स्वीकारली. युद्धानंतर त्याचा डाग साऱ्या मागणीवर पडला आणि डच भाषेतील विद्यापीठ प्रत्यक्षात यायला १९३० साल उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धातही काहींनी तीच वाट धरली. ह्यूगो क्लाऊस यांच्या १९८३ सालच्या 'बेल्जियमचे दुःख' या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत या मोहाचे आणि त्याच्या कौटुंबिक परिणामांचे चित्रण आहे. न्याय्य मागणी चुकीच्या हातून मिळाली, तर ती मागणाऱ्यांचे काय होते, हे समजून घ्यायला ही कादंबरी इतिहासग्रंथांइतकीच उपयोगी पडते.

आता लेखकांकडे वळू. १९११ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मॉरिस मेटरलिंक यांना मिळाले. आजवर हा सन्मान मिळालेले ते एकमेव बेल्जियन साहित्यिक. त्यांचा जन्म गेंटचा आणि लेखन फ्रेंच. एमील व्हेरहारेन स्केल्ड नदीकाठच्या एका फ्लेमिश गावात जन्मले. त्यांनी १९०४ ते १९११ या काळात अखिल फ्लँडर्सवर पाच काव्यसंग्रह रचले, तेही फ्रेंचमध्ये. ब्रूज शहराचे मृतवत रूप युरोपच्या मनात ठसवणारी १८९२ ची कादंबरी लिहिली जॉर्ज रोडेनबाख यांनी, तीही फ्रेंचमध्ये. हे तिघेही गेंटमधील एकाच फ्रेंच माध्यमाच्या जेझुइट शाळेचे विद्यार्थी. फ्लेमिश लोककथांतील उलेनस्पीगल या खट्याळ नायकाला स्वातंत्र्ययोद्धा करणारे शार्ल द कोस्टर यांचे १८६७ चे पुस्तकसुद्धा फ्रेंचच.

या लेखकांकडे निव्वळ 'परभाषेत गेलेले' म्हणून पाहता येत नाही. त्यांच्या फ्रेंचमधील धुके, कालवे, जत्रा, घंटाघरे आणि भक्तिभाव पॅरिसहून आलेले नव्हते. मेटरलिंक यांनी १८९१ मध्ये चौदाव्या शतकातील गूढवादी संत रूसब्रूक यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला. रूसब्रूक यांनी लॅटिन सोडून आपल्या प्रदेशाच्या लोकभाषेत लिहिले होते. फ्रेंच प्रतीकवादाच्या एका प्रमुख नाटककाराने आपल्या गूढतेचे मूळ मध्ययुगीन डच गद्यात शोधावे, ही साधी बाब नाही. दोन भाषांच्या मधल्या जागेतून हे साहित्य उगवले होते.

याच काळात दुसऱ्या बाजूला डच लेखन उभे राहत होते. हेंड्रिक कॉन्सियन्स यांचे वडील फ्रेंच होते. तरी त्यांनी १८३८ मध्ये फ्लेमिश पायदळाने १३०२ साली फ्रेंच सरदारांचा केलेला पराभव कादंबरीत रंगवला. त्या लढाईचा दिवस, ११ जुलै, आज फ्लेमिश समाजाचा अधिकृत उत्सवदिन आहे. ब्रूजचे कवी-धर्मगुरू गीडो गेझेल यांनी पश्चिम फ्लँडर्सच्या बोलीतून आपली काव्यभाषा घडवली. वडील फ्रेंच असूनही डचमध्ये लिहिणारा कादंबरीकार आणि फ्लेमिश असूनही फ्रेंचमध्ये लिहिणारे कवी: रक्त, भूमी आणि भाषा यांची सरळ बेरीज या देशात कधीच जमली नाही.

पुढे राज्यव्यवहाराने ही बेरीज जमवली. जनगणनेत भाषेची नोंद होत असे. प्रत्येक गणनेनंतर ब्रसेल्सच्या आसपासची गावे एकामागून एक फ्रेंचकडे झुकताना दिसत, कारण वर चढण्याची शिडी फ्रेंचची होती. १९४७ च्या गणनेचे निकाल इतके वादग्रस्त ठरले की १९६१ मध्ये भाषेचा प्रश्नच जनगणनेतून वगळण्यात आला. १९६२-६३ मध्ये भाषासीमा कायद्याने कायम झाली. त्यानंतर व्यक्तीची भाषा कोणतीही असो, कार्यालयाची व शाळेची भाषा भूमीवरून ठरू लागली. कमकुवत भाषेला असा भौगोलिक आधार दिला नाही, तर 'मुक्त निवडी'च्या नावाखाली प्रबळ भाषाच जिंकते. फ्लेमिश चळवळीचे हे निदान आम्हांस अचूक वाटते.

मात्र या तत्त्वाचा शेवट कोठे झाला, तेही पाहावे. १४२५ साली स्थापन झालेले लूव्हेनचे कॅथलिक विद्यापीठ फ्लेमिश भूमीवर होते आणि दोन्ही भाषांत चालत होते. 'वालून लोकांनो, बाहेर व्हा' अशा घोषणा देत फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये या प्रश्नावर देशाचे सरकार कोसळले. विद्यापीठ दुभंगले. फ्रेंच विभागासाठी भाषासीमेपलीकडे लूव्हँ-ला-नव्ह, म्हणजे 'नवे लूव्हेन', हे संपूर्ण नवे शहर वसवण्यात आले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली आणि तिच्यासाठी कसोटी वापरली गेली ती मांडणी-क्रमांकांच्या सम-विषमतेची. १९१४ आणि १९४० अशा दोन वेळा जर्मन आक्रमणात जळून पुन्हा उभारलेले हे ग्रंथालय. जे आगीने दोनदा केले, ते तिसऱ्या वेळी घरच्यांनी अंकगणिताने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणणे थोडे अन्यायाचे होईल, कारण ग्रंथ नष्ट झाले नाहीत. पण ग्रंथसंग्रह नष्ट झाला. ग्रंथांचा परस्परसंबंध हाच ग्रंथालयाचा आत्मा असतो आणि सम-विषमाच्या कसोटीला तो संबंध दिसत नाही.

साहित्येतिहासाचेही असेच झाले. फ्लेमिश साहित्याचा इतिहास डच साहित्याच्या इतिहासात सामावला. मेटरलिंक, व्हेरहारेन फ्रेंच साहित्याच्या परिशिष्टवजा प्रकरणात गेले. व्हेरहारेन यांची समाधी आजही स्केल्डकाठी, जन्मगावी आहे. त्यांचे वाचक मात्र बहुतांशी सीमेपलीकडचे.

यावर एक आक्षेप येईल. हे लेखक सुखवस्तू वर्गाचे. ज्या शाळांत फ्लेमिश बोलल्याबद्दल शिक्षा होई, त्या व्यवस्थेचे लाभार्थी. त्यांच्यासाठी फ्लेमिश वाचकाने का हळहळावे? आक्षेपात तथ्य आहे. तो विशेषाधिकार संपला हे योग्यच झाले. पण विशेषाधिकार संपवणे वेगळे आणि त्या काळात निर्माण झालेली साहित्यकृती परकी ठरवणे वेगळे. पहिल्या कृतीने समाजाला न्याय मिळतो. दुसरीने तो स्वतःच्या स्मृतीचा एक भाग दुसऱ्याला देऊन टाकतो.

शिवाय जिंकलेल्या भाषांच्या पोटातही हरलेल्या भाषा आहेत. वालोनियाची मूळ लोकभाषा वालून. शाळेतल्या फ्रेंचपुढे ती मागे हटली आणि तिच्यासाठी कोणतीही सीमा आखली गेली नाही. फ्लँडर्सनेही फ्रेंचशी टक्कर घेण्यासाठी नेदरलँड्सची प्रमाण डच स्वीकारली. १९८० मध्ये दोन्ही देशांनी भाषेसाठी संयुक्त संस्थाही स्थापन केली. गेझेल यांच्या बोलीला त्यात कितीशी जागा उरली? एका पायरीवरचा अन्याय दूर करताना पुढची पायरी नजरेआड होते, ती अशी.

या चळवळीचा एक धागा थेट आपल्या देशात आला आहे, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. फादर कामिल बुल्के पश्चिम फ्लँडर्समधील एका खेड्यात १९०९ मध्ये जन्मले. लूव्हेनमध्ये शिकत असताना फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्धच्या वातावरणात त्यांचे मन घडले. १९३५ मध्ये ते भारतात आले, तेव्हा सुशिक्षितांचा इंग्रजीकडचा ओढा पाहून त्यांना स्वदेशाचीच आठवण झाली. अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीतच लिहिण्याचा दंडक असताना त्यांनी रामकथेवरील आपला प्रबंध हिंदीत सादर केला. पण याच बुल्के यांनी आयुष्याची अनेक वर्षे इंग्रजी-हिंदी कोशासाठी दिली. तो १९६८ मध्ये, म्हणजे लूव्हेन दुभंगले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. स्वभाषेचा मान राखायचा आणि दोन भाषांमधली वाटही बांधायची, या दोन्ही गोष्टी एका माणसाला साधल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाचे बार्त द वेव्हर बेल्जियमचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या परीने एकाच स्थापनेची सहाशे वर्षे साजरी केली. म्हणजे वाटण्या होऊनही वारसा सामाईकच राहतो. साहित्य शिकवणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते इतकेच की भाषेच्या हक्कांसाठी सीमा लागतात, न्यायालये लागतात, शाळा लागतात, आणि त्या मिळवायलाच हव्यात. पण साहित्याचा इतिहास लिहिताना व अभ्यासक्रम आखताना, लेखक कोणत्या भाषेत लिहीत होता याबरोबरच तो कोणत्या भाषांच्या मध्ये राहत होता, हा प्रश्नही विचारला पाहिजे. तो न विचारता आखलेला अभ्यासक्रम सम-विषम क्रमांकांनी वाटलेल्या ग्रंथालयासारखाच होतो: प्रत्येक ग्रंथ जागेवर असतो, आणि तरी निम्मे उत्तर पलीकडच्या गावात राहिलेले असते.