आजारपणाचा खाडा आणि मस्टरवरची रेघ

कोयनानगरला आणि खालच्या पाटण खोऱ्यात १९६७ साल म्हटले की ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप आठवतो. त्याच साली आणखी एक गोष्ट झाली होती, ती मात्र फारशी कुणाच्या ध्यानात नाही. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या रोजंदारी कामगारांसाठी कालेलकर निवाडा झाला. सलग पाच वर्षे रोजंदारीवर काढली, तर त्या माणसाला ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घ्यायचे, असे ठरले. एकाच दमात नियमितही आणि अस्थायीही, हे नाव सरकारच ठेवू जाणे! पण धरणे, कालवे आणि रस्ते अंगावर घेणाऱ्या माणसाला त्या नावाने रजा, वेतनश्रेणी आणि म्हातारपणाचा आधार मिळाला.

मग भांडण कुठे होते? ते ‘सलग’ या एका शब्दात होते आणि आजही तिथेच आहे. सलग आहे की नाही हे कायदा नंतर ठरवतो. आधी ते ठरवतो मस्टर लिहिणारा.

समजा, पाणीपुरवठ्याच्या कामावरचा गडी काविळीने महिनाभर अंथरुणाला खिळला. मुकादमाने त्याच्या नावापुढे खाड्याच्या रेघा ओढल्या आणि पुढच्या महिन्यात नाव वगळले. बरा होऊन आला तेव्हा ‘ये की उद्यापासून’ म्हणून नव्याने नाव घातले. कुणालाच यात काही वावगे वाटत नाही. पण कागदावर त्याची मागची सगळी सेवा पुसली गेली.

वाचकहो, कायदा असे म्हणत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेची व्याख्या होती. आजारपण, मंजूर रजा किंवा अपघात यांमुळे पडलेला खंड हा खंड धरायचा नाही, असे तीत स्पष्ट लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हाच अर्थ ठेवला आहे. इथे एक घोळ नेहमी होतो, तो निस्तरून घ्यावा. आजारपणात पगार मिळणे ही वेगळी बाब आहे आणि आजारपणाने नोकरी तुटणे ही वेगळी. रोजंदारीवाल्याला पडून राहिल्या दिवसांची मजुरी मिळेलच असे नाही. पण तेवढ्यावरून त्याला ‘काम सोडून गेला’ ठरवता येत नाही.

बाळंतपणाचेही तसेच. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवर माती खणणाऱ्या आणि रस्त्याची कामे करणाऱ्या बायकांनी बाळंतपणाची पगारी रजा मागितली. ती फक्त कायम बायकांना, असे पालिकेचे म्हणणे. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले. पोटुशी बाई मस्टरवरची असो की कायम, तिचे कष्ट एकच, असा त्या निकालाचा रोख होता.

मजुरीतला दुजाभाव तर आपल्या बांधावरच आहे. गड्याची हजेरी वेगळी, बाईची वेगळी, आणि ‘पहिल्यापासून असंच चालत आलंय’ हे उत्तर ठरलेले. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास जो प्रयोग केला, त्यातून पुढे रोजगार हमी उभी राहिली. हमीच्या कामावर खोदलेल्या मातीचे माप होई, खोदणारा बाप्या की बाई हे मापात येत नसे. समान कामाला समान वेतनाचा देशाचा कायदा १९७६ चा, आता तो वेतन संहितेत गेला आहे. सरकारी बांधावर जे जमले ते आपल्या बांधावर का जमू नये, याचे उत्तर शेतकरी बंधूंनी द्यावे. भाव मिळत नाही हे खरेच आहे. पण त्याचा भार फक्त बाईच्या मजुरीवर का?

कोयनेच्या रानात वनखात्याची कामे निघतात, म्हणून पुण्याच्या वनकामगारांचा खटला इथल्यांनी जरूर माहीत करून घ्यावा. पाच-सहा वर्षे त्यांना तात्पुरतेच ठेवले होते. जंगल राखणे हे राज्याचे सार्वभौम काम, त्याला कामगार कायदा लागू नाही, असा खात्याचा बचाव होता. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने नुसत्या वर्षांच्या जोरावर कायम होण्याची वाट अरुंद केली, हेही सांगितले पाहिजे. पण २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने खुलासा केला की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचे हात उमादेवीने बांधलेले नाहीत.

सिद्ध झाली तर! सगळे इथेच अडते. बारा महिन्यांत २४० दिवस भरले हे कामगाराने दाखवायचे, आणि मस्टर मालकाच्या कपाटात. नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच म्हटले आहे. पुढे २००५ च्या एका निकालात कर्नाटकातला एक रोजंदारी कामगार जिंकला, तो कशावर? साहेबाने पूर्वी लिहून दिलेल्या कामाच्या दाखल्यावर. त्या एका कागदाने त्याची वर्षे वाचवली.

म्हणून ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना आणि सोसायट्यांच्या सचिवांना आमची विनंती आहे. आजारी माणसाच्या रकान्यात ‘गैरहजर’ न लिहिता ‘आजारी’ लिहा, डॉक्टरची चिठ्ठी मस्टरला जोडा आणि वर्षाअखेर मागेल त्याला दिवसांचा दाखला द्या. याला जादा निधी लागत नाही, फक्त पेन लागते. कामगारांनी औषधाची पावतीसुद्धा टाकू नये. मस्टरची नक्कल तोंडी मागून मिळाली नाही, तर सरकारी कामाच्या बाबतीत २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज करावा. आणि कामावरून काढले असेल तर ‘बघू पुढच्या सुगीनंतर’ म्हणत बसू नये. न्यायाधिकरणाकडे थेट जाण्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे.