बाइकच्या कव्हरसाठी मॉडेल नको, माप सांगा

हौसेनं उंच हँडल बसवलं, पुढे विंडस्क्रीन, मागे बॅकरेस्ट, दोन्ही बाजूंना बॉक्स. आता कव्हर मागवलं तर ते हँडलवरच अडकतं आणि मागचं चाक उघडं राहतं. दोष कव्हरचा नाही. ‘क्लासिक ३५० चं कव्हर’ कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या मापाचं असतं. कंपनीच्या कागदावर ही गाडी २१४५ मिलिमीटर लांब, ७८५ रुंद आणि १०९० उंच आहे, आणि रुंदी-उंचीचे हे आकडे आरसे सोडून दिलेले आहेत!

मग ‘डबल एक्सएल घ्या’ असा सल्ला मिळतो. गुरुग्राममध्ये तो महागात पडतो. एप्रिल ते जूनमध्ये इथे आंधी येते. ढगळ कव्हर वाऱ्यावर फडफडतं, आत शिरलेली धूळ टाकीवर घासली जाते आणि हजारो रुपये खर्चून केलेल्या रंगावर बारीक चरे उठतात. त्यापेक्षा नुसती उघडी गाडी बरी, असं मी तरी म्हणेन. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उलटा त्रास होतो. हवा खेळायला जागा नसलेल्या प्लॅस्टिकखाली दव साचतं आणि क्रोम गंजू लागतं.

म्हणून गाडी रोज ज्या स्टँडवर उभी करता त्याच स्टँडवर उभी करून मोजा. पुढच्या चाकापासून मागे सर्वांत बाहेर आलेल्या टोकापर्यंत लांबी, आरशांसकट रुंदी आणि विंडस्क्रीनच्या टोकापर्यंत उंची घ्या. बॉक्सची रुंदी वेगळी लिहा. आणखी सोपं म्हणजे जुनी चादर गाडीवर टाकायची, जिथे ताणली जाते तिथे खडूनं खूण करायची आणि तीच चादर शिवणाऱ्याला नमुना म्हणून द्यायची. सगळीकडे चार बोटं ढील पुरे. दोन्ही टोकांना इलॅस्टिक आणि पोटाखालून बकलचा पट्टा हवाच.

कापड घेताना ‘१९० टी’, ‘३०० डी’ असे आकडे ऐकू येतील. टी म्हणजे विणीची दाटी. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर हलकं कापड चालतं, उघड्यावर असेल तर जाडच घ्या. टाकीच्या भागाला आतून मऊ सुती अस्तर आणि सायलेन्सरजवळ उष्णता सोसणारा तुकडा लावून घ्या. तरीही इंजिन थंड होईपर्यंत कव्हर घालू नका. तापलेल्या सायलेन्सरला पॉलिएस्टर चिकटलं की निघता निघत नाही.

मापाचं शिवून घ्यायचं तर दिल्लीतल्या करोल बागेत बाइकच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे तिथेच चौकशी करा. मेट्रोनं जायचं तर यलो लाइननं राजीव चौकापर्यंत, तिथून ब्लू लाइन. सोमवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी बाजार बंद असतो.