डब्यातून भाकरी कुणी काढली?



मागच्या महिन्यात संघटनेच्या कामाने कल्याणला गेलो होतो. कर्जतच्या लोकलने कल्याण सोडले की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. सहा एकर कोरडवाहूत दोघांचे भागेना, म्हणून तो कारखान्यात गेला. जाताना घरच्या मालदांडीचे पीठ घेऊन गेलो.

सकाळी भावजयीने भाकऱ्या थापल्या. पुतण्या चौथीत, इंग्रजी शाळेत. त्याच्या डब्यात भाकरी घालायला गेलो तर पोर कावरेबावरे झाले. ‘‘मोठे बाबा, नको. सगळे हसतात.’’ भिंतीवर शाळेने दिलेला डब्याचा छापील तक्ता होता. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली, बुधवारी सँडविच. शुक्रवारपुढे लिहिले होते, ‘मिलेट कुकीज’. मिलेट म्हणजे आपली ज्वारीच, असे सांगितले तर त्याचा विश्वास बसेना.

याच शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला शेतकरी केले होते. धोतर, मुंडासे, खांद्यावर पुठ्ठ्याचा नांगर. बक्षीसही मिळाले. शेतकऱ्याचे सोंग चालते, शेतकऱ्याची भाकरी चालत नाही!

पोरावर रागावलो नाही. मी तरी कोण वेगळा? कृषी पदवीला असताना ‘आमच्याकडे पोळ्याच होतात’ असे मी मित्रांना बिनदिक्कत सांगत असे. पुढे गावोगाव संकरित ज्वारीची शिफारस करत फिरलो. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले, त्यानंतर आणखी आली. आमच्या वहीत रकाना एकच, हेक्टरी क्विंटल. भाकरी कशी होते, कडबा गुरे आवडीने खातात का, याला रकाना नव्हता. म्हातारी माणसे सांगायची, ‘‘साहेब, भाकरी गोड लागत नाही.’’ मी मनात म्हणायचो, अडाणी आहेत. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की दाण्यावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो. पुस्तकात हे मी वाचले होते. त्यांच्या तोंडून ऐकायची मात्र पदवीने सवय ठेवली नव्हती.

चव कुणी जन्मतः घेऊन येत नाही, ती लावली जाते. आणि ती लावण्याचे काम शाळा जितके पद्धतशीर करते तितके कुणी करत नाही. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराचा गणवेश टेरिकॉटचा असतो, त्याचेही आता कुणाला काही वाटत नाही.

याचा हिशेब शेवटी भावात होतो. ज्वारी म्हणजे गरिबाचे खाणे, असा शेरा पडला की भावही गरिबाचाच. २०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव होता ३,४२१ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला चौतीस रुपये. तोही कागदावर. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि तोच दाणा रंगीत पाकिटात शिरून शिकलेल्यांना गोड लागू लागला. पाकिटाची किंमत आपण कुणी ठरवली नाही.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीबा फुल्यांनी मांडले होते की सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमाने भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. आता आपली पोरे शाळेत पोचली. शाळा त्यांना शिकवते, पण आईच्या हातच्या घासाची लाज वाटायलाही शिकवते, आणि फी आपणच भरतो.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. कापसाच्या मुलखातली शेतकरीण. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली, तेव्हा कुठे शहाण्यांना ती कविता वाटली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. त्याच विद्यापीठात एखाद्या पोरीने बहिणाबाईंच्या बोलीत पेपर लिहिला, तर मास्तर किती मार्क देतील?

जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार आहे. शालेय पोषण आहारात मुख्यतः तांदूळच शिजतो. जिथे ज्वारी पिकते तिथल्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी द्यावी, आणि ती ज्वारी हमीभावाने गावातूनच घ्यावी. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेतला आहाराचा तक्ता उतरवून आणावा.