करडईच्या पाकळीतला रंग

प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या वस्त्रांपासून आपल्याकडच्या कुसुंबी लुगड्यांपर्यंत, गुलाबी आणि नारिंगी यांच्या सीमेवरच्या छटा माणसाने करडईच्या पाकळीतून मिळवल्या, आणि त्या सहजासहजी कधीच मिळाल्या नाहीत. पाकळ्या पाण्यात तुडवून, पुन्हा पुन्हा धुऊन आधी पिवळा अंश काढायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवायचा आणि शेवटी लिंबाच्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. पिवळा किती राहू द्यायचा, यावर कापड गुलाबी होणार की अबोली, हे ठरे. आणि ते ओळखायला रंगाऱ्याची नजर लागे.

रंग कच्चा होता, हे मान्य केलेच पाहिजे. अठराव्या शतकातील जपानी ठसेचित्रांतला करडईचा गुलाबी उजेडाने कित्येक ठिकाणी पार विटला आहे. पण विटलेले पुन्हा रंगवून घेणे ही त्या काळची रीत होती, आणि त्या रीतीवरच रंगाऱ्याचे घर चालत असे.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून जांभळा रंग गवसला. १८६८-६९मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेचा तांबडा प्रयोगशाळेत घडवला, १८९७मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तसे वनस्पतींचे रंग मागे पडले, आणि एके काळी विलायतेला जाणाऱ्या ढाक्याच्या कुसुंब्याची, म्हणजे करडईच्या रंगाचीही तीच गत झाली. रंग स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर चढले, हे भलेच झाले. मात्र प्रत्येक वेळी हातातली विद्या गेली, आणि ती जिवंत ठेवावी असे राज्यकर्त्यांना वाटले नाही, आपल्यालाही नाही.

आता पॅन्टोन ही अमेरिकन कंपनी वर्षाचा रंग जाहीर करते: २०१९ साली पोवळ्याची छटा, २०२४ साली पीचची. भिंती, फोनची आवरणे, साड्या त्या छटेत रंगतात आणि पुढच्या डिसेंबरात दुसरी छटा येते. जो रंग कुठल्याही मातीचा नाही, तो टाकून देताना कोणाचेच काही अडत नाही.

इकडे सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात करडई तेलासाठी पेरली जाते आणि पाकळ्या शेतातच वाळतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण काढल्याने वेचणाऱ्याचे हात सोलवटण्याची जुनी अडचणही उरलेली नाही. पैठणीच्या विणकरांना आणि वस्त्रकलेच्या विद्यार्थ्यांना हा रंग पुन्हा करून पाहता येईल अशी रंगशाळा कृषी विद्यापीठांनी येत्या रब्बीतच उभी करावी.