छातीवर फोटो कुणाचा?

करकंबच्या आमच्या वस्तीतला फुटबॉल क्लब मरायला टेकलाय. मागच्या दिवाळीत गावी गेलो तर हवा गेलेला बॉल समाजमंदिराच्या खिडकीत पडलेला. पोरं म्हणाली, यंदा साहेबांनी ड्रेस दिला नाही. कुठला साहेब? ज्यानं निवडणुकीआधी २२ जर्सी वाटल्या, छातीवर स्वतःचा फोटो छापून. निवडणूक सरली, साहेब फिरकला नाही, धुण्यात फोटोचा रंग गेला, मैदान ओस.

आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेचा 'झुंड' २०२२ ला आला, तो बघून या पोरांनी क्लब काढलेला. आता तीच पोरं दुसरा साहेब शोधतायत. माझं भांडण इथं आहे.

दोस्तांनो, पैसेवाला मिळाला की क्लब जगतो, हे तुमच्या डोक्यात कुणी भरलं? जरा मुंबई-पुण्याचा हिशेब काढा. महिंद्रा युनायटेड १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेला. कंपनीला काय पैशाची ददात होती? २०१० ला वरून ठरलं, बस्स झालं, आणि संघ बंद. पिरामलांचा पुणे एफसी २००७ ला निघाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ ला लीगमधून बाहेर. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ ला मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले. टीमनं दोनदा आयएसएल जिंकली. आणि देशातल्या लीगचंच त्रांगडं झालं तेव्हा, डिसेंबर २०२५ ला, हे जगातले मोठे पैसेवाले हात झटकून चालते झाले. जिंकून काय उपयोग? घामाचा त्यात शेअर नव्हता. मालकाचा मूड फिरला की खेळाडू नाक्यावर.

कोल्हापुरात उलटं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही पेठांची तालीम मंडळं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की माणूस लोटतो. टीम हरली तरी पेठ तिला आपलीच म्हणते, म्हणून ती उद्या पुन्हा उभी राहते. (त्या पेठांत आपल्याला जागा किती, हा प्रश्न मी खिशात ठेवलाय. फेकून दिलेला नाही.)

मी गोदीत ओझी उचलणारा, त्यामुळं जर्मनीतल्या हॅम्बर्ग बंदराला लागून असलेल्या वस्तीचा सेंट पाउली क्लब मला जवळचा वाटतो. २००३ ला त्याचं दिवाळं निघायची वेळ आली होती. लोकांनी 'तारणहार' असं छापलेले टी-शर्ट विकत घेतले, लाखाच्या वर खपले, क्लब वाचला. आपल्या जर्सीशी ताडून बघा. त्यांच्या छातीवर कुठल्या पुढाऱ्याचा फोटो नव्हता. जो पैसे मोजून घालेल तोच तारणहार. २०२४ ला तर त्यांनी स्टेडियमच्या मालकीसाठी सहकारी संस्था काढली. २१ हजारांवर सभासद, सुमारे २ कोटी ९० लाख युरो जमले. शेअर कितीही घ्या, मत एकच.

सहकार म्हटल्यावर सोलापूरवाला हसणार. आपण सहकार जवळून बघितलाय. ज्याचा ऊस त्याचा शेअर, ज्याचा कोयता त्याला उचल. आणि हॅम्बर्गचा शेअरसुद्धा ७५० युरोचा, रोजंदारीवाल्याच्या खिशाबाहेरचा. तेव्हा नक्कल नको.

नक्कल करायची गरजच नाय. आपल्याकडं चौदा एप्रिल आहे. कुणाच्या बापाची ग्रँट नाही, तरी एक वर्ष चुकत नाही. पावतीबुक घेऊन पोरं दारोदार जातात, म्हातारी कनवटीची दहाची नोट काढते आणि पावती मागून घेते. नंतर समाजमंदिराच्या ओट्यावर हिशेब वाचला जातो, शिव्यागाळीसकट. (जयंतीलाही आता डीजे आणि बॅनरचा रोग लागलाय, त्यावर वेगळं भांडू.)

आता गणित. साठ घरं धरा, महिन्याला वीस रुपये. महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,४००. यात दोन बरे बॉल, पंप, मलमपट्टी आणि एकदोन स्पर्धांची प्रवेश फी व टेम्पो बसवता येतो. जर्सी साधी निळी, एकदाच, तीन वर्षं वापरायची. या पैशात काय बसत नाही? बाहेरून पैसे देऊन आणलेला स्ट्रायकर. आम्ही तेच केलं. एका कपासाठी दोन गडी आणले, त्यांचे पैसे उसनवारीनं दिले, सेमीफायनलला हरलो. ती उसनवारी अजून फिटतेय. साहेबानं जर्सी दिली नाही हे निमित्त. क्लब आम्ही स्वतःच आधी खड्ड्यात घातला होता. ही गोष्ट पोरं बोलत नाहीत. मी पैसे गोळा करण्यात होतो, म्हणून बोलतो.

आणि ज्याची वर्गणी त्याचं मत. वीस रुपये बहुतेक घरात आईच काढून देणार. मग तिची पोरगी मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या का वाजवणार? बॉल तिच्याही पायाशी आला पाहिजे. यावर वस्तीत कुरकुर होईल. होऊ द्या.

मी माझे वर्षाचे २४० रुपये फोनवरून पाठवलेत. पोरांचा निरोप आला, पैसे पोचले, जय भीम. पावतीबुक अजून छापलेलं नाही म्हणे. पावती आल्याशिवाय पुढचा रुपया पाठवणार नाही, असं कळवलंय.