दहा माणसे आणि राज्याची सीमा

मुंबईच्या मांडवी भागातील ‘शआर हारहामीम’ या सिनेगॉगला बेने इस्राएल समाज ‘जुनी मशीद’ म्हणत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनागृह बांधीन, असा संकल्प त्यांनी तेथे केला आणि १७९६ मध्ये तो पुरा केला, अशी कथा आहे. १८६० मध्ये सिनेगॉग आजच्या जागी, नव्या वास्तूत आले.

कोकणात घाण्यावर तेल गाळणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. दिवे, पेण, नागाव, रोहे ही गावे त्यांच्या आडनावांत आजही नांदतात. त्यांचे मराठीपण सिद्ध करण्याची गरज मला कधी वाटली नाही.

वास्तूंची काळजी घेणारे अद्याप आहेत. फोर्टमधील बगदादी ज्यूंचे १८८४ चे सिनेगॉग जीर्णोद्धारानंतर २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले. परंतु सामूहिक प्रार्थनेस परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि ते रंगरंगोटीने मिळत नाहीत. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत होती.

अशा समाजाला महाराष्ट्राने २०१६ मध्ये, तर गुजरातने २०१८ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मात्र सहाच समुदाय आहेत: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. याचा अर्थ काय, ते पाहावे. ठाण्याचे एखादे बेने इस्राएल कुटुंब उद्या पोलाद कारखान्यातील नोकरीसाठी भिलाईला गेले, तर महाराष्ट्राने दिलेला दर्जा छत्तीसगडच्या सीमेवर गळून पडतो. माणसे तीच, शब्बाथ तोच, पण अर्जातील धर्माच्या रकान्यात ते ‘इतर’ ठरतात. देशभर रोजगारासाठी फिरा, असे सांगणाऱ्या शासनाला हे शोभत नाही.

संख्या अल्प, म्हणून प्रश्न क्षुल्लक, असा युक्तिवाद दिल्लीत होऊ शकतो. ‘अल्पसंख्याक’ या शब्दाचा एवढा विपर्यास दुसरा नसेल! या समाजाचे नाव राष्ट्रीय यादीत घालायला नवा कायदाही करावा लागणार नाही. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली केंद्राची एक अधिसूचना पुरेशी आहे. जैन समाजासाठी ती निघाली होती.